आधी पंखा बंद करा : घरच्या ध्वनिमुद्रणावर वाचकांचे प्रश्न

कुणाकडे रीतसर न शिकता स्वतःच चाली बांधणारे, स्वतःच वाजवणारे आणि घरच्या संगणकावर ते उतरवून घेणारे वाचक बरेच आहेत, हे आलेल्या पत्रांवरून दिसलं. एकाच गोष्टीवरचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. ‘सगळ्यात चांगला माइक कोणता’ या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलेलं नाही, कारण खोली आणि अंतर ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

प्रश्न : मी हार्मोनियम वाजवत गातो. शब्द आणि चाली माझ्याच आहेत. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. वीस हजारांत काय काय घ्यावं? यूएसबी माइक घेतला तर भागेल का? (सांगली)

उत्तर : लॅपटॉप पुरेसा आहे. आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर मात्र एसएसडी बसवून घ्या, पंधरा-वीस ट्रॅक एकदम वाचताना ती अडखळते. वीस हजारांची वाटणी आम्ही अशी करू : ऑडिओ इंटरफेसला (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) सात-आठ, माइकला सहा, कान पूर्ण झाकणाऱ्या बंद कपांच्या हेडफोनला चार, आणि उरलेल्यात बूम (आडवा दांडा) असलेला स्टँड, माइकची तीन मीटरची एक्सएलआर केबल आणि पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी). स्टँडवर कंजुषी करू नका. माइक हळूहळू खाली झुकत गेला की पहिल्या आणि तिसऱ्या कडव्याचा आवाज जुळत नाही, आणि ते नंतर दुरुस्तही होत नाही. स्पीकर आत्ता नकोत.

यूएसबी माइक एकट्या आवाजासाठी वाईट नाही, पण उद्या तबलजी आले की दुसरा माइक लावायचा कुठे? एकाच वेळी दोन यूएसबी माइक चालवणं म्हणजे नसतं झेंगट. दोघांची घड्याळं वेगळी असतात आणि पाच मिनिटांच्या गाण्यात ट्रॅक एकमेकांपासून सरकत जातात. म्हणून दोन माइक घेणारा इंटरफेस घ्या. त्यावर ४८ व्होल्टचं बटण आणि डायरेक्ट मॉनिटरची, म्हणजे स्वतःचा आवाज थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय हवी. कंडेन्सर माइक ४८ व्होल्ट दिल्याशिवाय अवाक्षर काढत नाही. पहिल्या दिवशी ‘माइक खराब निघाला’ अशी जी ओरड होते, ती बहुधा या बटणापायीच.

कंडेन्सर खोलीतलं सगळं ओढतो आणि डायनॅमिक (४८ व्होल्टशिवाय चालणारा माइक) फक्त समोरचं ऐकतो, असं दुकानदार सांगतात. ते अर्धसत्य आहे. दोन्ही कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारे) असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील तर खोलीचा आवाज जवळपास सारखाच येतो. फरक पडतो तो डायनॅमिक माइक लोक ओठांना लावून गातात म्हणून. शुअर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकला हळू गाण्यासाठी ५० ते ५५ डेसिबल गेन (इंटरफेसने आवाज वाढवणं) लागतो, आणि स्वस्तातला इंटरफेस तिथपर्यंत गेला की सूऽऽ करायला लागतो. तुमचं गाणं मवाळ असेल तर कंडेन्सर घ्या.

पेटी आणि गळा एकदम उतरवू नका. दोन्ही एकमेकांच्या माइकमध्ये शिरतात आणि मग गळा वर काढला की पेटीही वर येते. आता, पेटीवर बोटं असल्याशिवाय ज्यांना गाताच येत नाही त्यांचं काय? त्यांनी आधी दोन्ही एकत्र असा कच्चा ट्रॅक करावा, तो हेडफोनमध्ये ऐकत नुसतं गावं, मग पक्क्या गळ्यावर पेटी नव्याने वाजवावी आणि कच्चा ट्रॅक पुसून टाकावा. सॉफ्टवेअरसाठी पैसे खर्च करायची घाई नको. रीपर साठ दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतं, ऑडासिटी फुकट आहे, मॅकवर गॅरेजबँड मिळतं.

प्रश्न : फ्लॅटमधल्या १० बाय १० च्या खोलीत गातो. आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा येतो, आणि खालचे काही सूर भसकन फुगतात. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावावेत का? (डोंबिवली)

उत्तर : ट्रे लावू नका. पातळ पुठ्ठा फक्त वरचे, ‘स’-‘श’ मधले स्वर थोडे खातो. घुमणारा खालचा भाग आहे तसाच राहतो, म्हणजे खोली आणखी बोदी वाटते. शिवाय तो पुठ्ठा पटकन पेट घेतो.

सूर फुगण्याचं कारण मापात आहे. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची अर्धी लाट नेमकी बसते, आणि तिच्या दुप्पट ११२ ची पूर्ण. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही तोच सूर फुगवतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८.६ हर्ट्झवर, मंद्र कोमल धैवत ११० वर. म्हणजे मंद्रात उतरलात की बरोबर त्या फुगवट्यात पाय पडतो. त्यातून खोलीच्या मधोमध उभे राहिलात तर ११२ हर्ट्झचा दाब तिथे सर्वांत जास्त असतो. म्हणून मधोमध नको, कोपऱ्यात तर नकोच. एका भिंतीपासून साधारण साडेतीन फुटांवर उभे राहा.

आता न्हाणीघरासारख्या घुमाऱ्यासाठी गोधड्या. लोक त्या माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइक आपल्या पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. त्याचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. गोधडी तिथे हवी. कपडे वाळत घालायची दोरी भिंतीपासून तीन-चार इंच अंतर ठेवून बांधा, तिच्यावर दुहेरी गोधडी किंवा रजई सोडा, आणि दोन्ही बाजूंना आणखी एकेक. घोड्याच्या नालेच्या आकारात तुम्ही आत, उघड्या बाजूला माइक. भिंत आणि गोधडी यांमधली ती पोकळी फुकट मिळणारी जाडी आहे, ती बुजवू नका. कापसाची गादी उभी करता आली तर उत्तमच. कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवा. फरशीवर सतरंजी. मग एक टाळी वाजवा : टाळीनंतर ‘टर्र’ असा बारीक थरथराट उरत असेल तर अजून दोन उघड्या भिंती एकमेकींकडे बघताहेत.

गोधडी खोलीचा घुमारा कमी करते, रस्त्यावरचा हॉर्न अडवत नाही. तो अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, काच, बंद खिडकी. त्यापेक्षा वेळ निवडा. पंखा, एसी, कुरकुरणारी ट्यूब बंद. फ्रिज भिंतीपलीकडे असला तरी त्याची घरघर येते; तो बंद करत असाल तर स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो सुरू करायची आठवण राहील. गाण्याचा गेन लावून दहा सेकंद गप्प बसा आणि मुद्रण करा. मीटर उणे ६० डेसिबलच्या खाली राहिला तर खोली कामाची आहे.

प्रश्न : ‘भ’, ‘फ’, ‘घ’ आले की माइकमध्ये धाप्प होतं. (कऱ्हाड)

उत्तर : मराठीत महाप्राण अक्षरांची रेलचेल, आणि प्रत्येकाबरोबर हवेचा झोत सुटतो. माइक एक वीतभर लांब, नाकाच्या उंचीवर ठेवा आणि वीस-तीस अंश तिरका करा, म्हणजे झोत त्याच्या खालून निघून जाईल. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये जुना नायलॉनचा पायमोजा दुहेरी ताणून बसवलात की पॉप फिल्टर झाला. तो माइकपासून दोन-तीन इंचांवर हवा, माइकला चिकटून नको. उरलंसुरलं ८० हर्ट्झच्या हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणाऱ्या) फिल्टरने जातं. माइक आणखी जवळ घेतलात तर कार्डिऑइडमध्ये खालचा आवाज वाढतो, धाप्पही वाढते.

प्रश्न : हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा ऐकू येतो, त्यामुळे लय सुटते. आणि मुद्रण झाल्यावर गळा ठेक्याच्या मागे पडलेला दिसतो. (लातूर)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली आधी घेऊ.

संगणक आवाज थेंबाथेंबाने नाही, घागरीने उचलतो. त्या घागरीला बफर म्हणतात. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची तेवढी मापं, म्हणजे सॅम्पल) २५६ चा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. तेवढेच आत येताना, तेवढेच बाहेर जाताना, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचे थोडे. सगळे मिळून तेरा-पंधरा. बफर १०२४ वर असेल तर नुसती ये-जाच ४३ मिलिसेकंद, आणि त्यात गाणं अशक्य. दहा-बाराच्या पुढे गेलं की बहुतेक गाणाऱ्यांना खटकायला लागतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एसिओ (ASIO) ड्रायव्हर टाका आणि रीपरमध्ये तोच निवडा. मुद्रण करताना बफर १२८, मिक्स करताना १०२४. १२८ वर कटकट असे आवाज आले तर वायफाय आणि ब्राउझर बंद करून पाहा, लॅपटॉप चार्जरवर आणि पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर ठेवा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला बादच.

याहून सोपा उपाय इंटरफेसवरच असतो : डायरेक्ट मॉनिटर. त्यात तुमचा आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो, उशीर शून्य. हे वापरताना सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचं मॉनिटर बटण बंद करा. नाहीतर थेट आणि उशिराचा, असे दोन्ही एकदम ऐकू येतात.

आता गळा मागे पडण्याचं. ही चूक सॉफ्टवेअरने उशिराचा हिशेब चुकीचा धरल्यामुळे होते, आणि ती दर वेळी सारखीच असते. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक वायर काढून त्याच्याच लाइन इनपुटला लावा. एका ट्रॅकवर टिक् टिक् वाजवा, दुसऱ्यावर ती उतरवून घ्या. दोन्ही टिकांची शिखरं झूम करून बघा आणि मधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. तेवढा आकडा सेटिंगमध्ये भरला की काम संपलं. ऑडासिटीत ही भरपाई ठरावीक उणे १३० मिलिसेकंद धरलेली येते. ती तुमच्या यंत्राशी जुळेलच असं नाही, म्हणून ही चाचणी तिथे हटकून करा.

प्रश्न : पेटीवर संगणकातले व्हायोलिन आणि पियानो लावले की काहीतरी बेसूर वाटतं. पेटी नुकतीच सुरात लावून आणली आहे. (रत्नागिरी)

उत्तर : पेटी स्वतःशी सुरात आहे, संगणकाशी नाही. संगणकातली वाद्यं पांढरी सहाचा स्वर ४४० हर्ट्झ धरतात. पेट्या अनेकदा थोड्या चढ्या लावलेल्या असतात, आणि कोकणच्या हवेत सूर हलतातही. एक ४४० वर आणि दुसरं ४४२ वर असलं की सेकंदाला दोन हेलकावे येतात. तुम्हाला बेसूर वाटतं ते हेच.

कपलर (दोन सप्तकं एकत्र वाजवणारी कळ) काढा, एकच सूर उघडा. भाता एकसारखा ठेवून मधल्या सप्तकातली पांढरी सहा दहा सेकंद दाबून मुद्रित करा. ट्यूनर प्लग-इनवर (सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) ती किती सेंट वर आहे ते बघा; शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंट असतात. भात्याचा जोर बदलला की सूर किंचित हलतो, म्हणून गाण्यात जेवढा जोर देता तेवढाच इथे द्या. आणखी चार-पाच पट्ट्या अशाच मोजा. प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा येईल, सरासरी घ्या. समजा १२ सेंट आली, तर तुमची पेटी ४४३ वर आहे. आता प्रत्येक सॉफ्टवेअर-वाद्याचं मास्टर ट्यूनिंग ४४३ करा. तानपुऱ्याचं ॲप वापरत असाल तर तेही १२ सेंट वर. उलटं करू नका : मुद्रित पेटी सॉफ्टवेअरने खाली ओढली तर तिच्या आवाजाची धार जाते, आणि पुढे तबला आला की तो पुन्हा मूळ पेटीलाच लागलेला असणार.

याला जोडूनच आलेला एक प्रश्न : गळ्याला ऑटो-ट्यून लावावं का? पेटी आणि पियानो समस्वरांतराच्या पट्टीवर असतात, तिथे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्यावर नीट लागलेला गंधार ३८६ वर असतो. सुरेल गाणाऱ्याचा गंधार तानपुऱ्याकडे झुकतो, आणि ऑटो-ट्यून त्याला ‘चूक’ समजून चौदा सेंट वर ढकलतं. मींड आणि आंदोलन तर जिन्याच्या पायऱ्या होऊन बसतात. पियानोवर आधारलेल्या सुगम चालीत, संथ वेगावर, एखाद्या घसरलेल्या सुरापुरतं हातानं लावा. पूर्ण ट्रॅकवर सरसकट नको.

प्रश्न : एकाच माइकवर तबला-डग्गा कसा घ्यावा? माझ्याकडे डग्गा नुसता ढब ढब येतो. (सोलापूर)

उत्तर : एकच माइक असेल तर तो वादकाच्या समोरून, दोन्हींच्या मधोमध, पुड्यांपासून दीड फूट वर ठेवून खाली झुकवा आणि रोख तबल्याच्या चाटेकडे थोडा जास्त द्या. डग्गा तसाही स्वतःची जागा करून घेतो. ढब ढब येतो याचा अर्थ माइक डग्ग्याच्या फार जवळ आहे, किंवा वादक फरशीवर बसला आहे. खाली जाड सतरंजी, आणि माइकचा स्टँड त्या सतरंजीच्या बाहेर. डग्ग्याची घुमक ७० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, त्यामुळे गळ्यासाठी लावलेला ८० चा हाय-पास इथे लावू नका. ४० पुरे.

दोन माइक असतील तर तबल्याच्या चाटेवर आठ-दहा इंचांवरून एक, डग्ग्यावर तेवढ्याच अंतरावरून दुसरा. आणि दोन माइकांमधलं अंतर प्रत्येकाच्या आपल्या पुडीपासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवायचा प्रयत्न करा. तबल्यात ते पूर्ण जमत नाही, वाद्यंच शेजारी असतात. म्हणून मुद्रण झाल्यावर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला ‘धा’ भरीव लागतो ती ठेवा. आवाज ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद घेतो. तेवढ्या फरकानेही आवाज पोकळ होतो.

तबला आधी गाण्याच्या षड्जात लावा, मग माइककडे बघा. पावसाळ्यात पुडी अर्ध्या तासात उतरते. दर टेकच्या आधी पेटीवरून षड्ज देऊन तपासा आणि तो दोन सेकंदांचा सूर मुद्रणातही राहू द्या. कंडेन्सर माइकही दमट हवेत चिडचिडा होतो, फट्फट् आवाज काढतो. वापर नसताना तो सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रश्न : माझी चाल रूपकात आहे. सॉफ्टवेअरची क्लिक चारचारच्या गटात वाजते. आणि शेवटच्या अंतऱ्यात लय वाढवायची आहे. (अमरावती)

उत्तर : प्रोजेक्टचा ताल ७/४ करा. मिनिटाला ८४ मात्रा ठेवल्यात तर एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं होतं, कडवी मोजायला सोपं पडतं. पण सॉफ्टवेअर पहिल्या ठोक्यावर जोर देतं, आणि रूपकाची सम तर ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर. तो जोर कानात घेऊन गायलात की चाल पाश्चात्त्य सातमात्र्यासारखी ठोकळेबाज होते. रीपरमध्ये क्लिकचा नमुना बदलता येतो : पहिली मात्रा हलकी, चौथी आणि सहावी ठळक. त्याहून बरं म्हणजे तबलजींकडून रूपकाचा साधा ठेका चार आवर्तनं वाजवून घ्या, त्यातलं सर्वांत नेटकं आवर्तन कापून पुन्हापुन्हा लावा, आणि त्यावर गा. अखेरीस पूर्ण तबला वाजवून घेतला की तो ठेका काढून टाका.

लय वाढवायची तर टेम्पो एकदम ८४ वरून ९६ ला नेऊ नका. प्रत्येक आवर्तनाला दोन-दोनने चढवा. ओवी किंवा आलापासारखं तालाबाहेरचं काही असेल तर क्लिकच बंद करा, नुसत्या तानपुऱ्यावर गा, आणि वाद्यांना गळ्यामागून चालू द्या.

प्रश्न : मुद्रणात सतत घूंऽऽ असा आवाज येतो. (म्हापसा)

उत्तर : आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घूं बहुधा ५०, १०० आणि १५० वर असते. क्रमाने जा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेली तर दोष अर्थिंगचा आहे. लॅपटॉप आणि बाकी सगळं एकाच थ्री-पिन बोर्डवर घ्या, आणि त्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. घूं राहिली तर माइकची केबल बदलून बघा, मग पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करून बघा. केबल चार्जरच्या वायरीला समांतर पडली असेल तर बाजूला करा. फिल्टरने ५० कापता येतं, १५० कापायला गेलात की गळ्याचं पोट जातं. म्हणून मुळातच घालवा.

प्रश्न : मुद्रण करताना लाल दिवा लागेपर्यंत आवाज वाढवावा का? ऑनलाइन टाकल्यावर माझं गाणं बाकीच्यांपेक्षा हळू ऐकू येतं. (नाशिक)

उत्तर : नाही. २४ बिटमध्ये मुद्रण करा आणि सर्वांत जोरकस ओळ उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत जाऊ द्या. १६ बिटची मजल साधारण ९६ डेसिबलची, २४ ची हिशेबाने १४४. त्यामुळे जागा मोकळी सोडल्याने काही बिघडत नाही, आणि शून्याच्या वर फाटलेला सूर कुणालाही शिवता येत नाही. तालमीत जेवढं जोरात गाता त्याहून खऱ्या टेकला जास्त गाता, हेही धरा. डिस्कवर जागा किती? ४८,००० आणि २४ बिटला एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर. पाच मिनिटांच्या बारा ट्रॅकच्या गाण्याला अर्धा जीबी.

हळू वाटण्याचा संबंध मुद्रणाशी नाही, शेवटच्या टप्प्याशी आहे. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) पातळीला आणून वाजवतं. मीटर प्लग-इन लावून पूर्ण गाण्याची सरासरी तिथे आणा, आणि लिमिटरने (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. तरी हळू वाटलं तर बहुधा खालचा पट्टा जागा अडवून बसलेला असतो. पेटी, गिटार, गळा सगळ्यांना गरजेपुरता हाय-पास लावा. मग मिक्स मोनो करून फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे शब्द कळले पाहिजेत. डग्गा फोनवर ऐकू येणारच नाही, त्याच्यापायी त्याला वाढवत बसू नका.

प्रश्न : मी सिडनीत कीबोर्ड वाजवतो, गायिका पुण्यात असते. तिने पाठवलेला गळा माझ्याकडे वरच्या पट्टीत आणि घाईत वाजतो. (सिडनी)

उत्तर : तिचं मुद्रण ४४,१०० ला आणि तुमचा प्रोजेक्ट ४८,००० ला, आणि मध्ये कुठेतरी रूपांतर झालेलं नाही. यात स्वर जवळजवळ दीड पट्टी चढतो, १४७ सेंट. उलट दिशेने तेवढाच उतरतो. दोघांनी ४८,००० आणि २४ बिट ठरवून टाका. तुम्ही तिला वाद्यांचा एकच स्टीरिओ ट्रॅक पाठवा, सुरुवातीला दोन आवर्तनं क्लिक घालून. तिने कडव्यांचे तुकडे न पाठवता प्रत्येक फाइल अगदी शून्यापासून सुरू होणारी पाठवावी, आधी दोन मिनिटं शांतता असली तरी. मग तुम्हाला ती नुसती टाकायची, जुळवायची नाही. गळा कोरडा हवा, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावता. नमुन्याला रिव्हर्बची वेगळी प्रत पाठवली तर चालेल. फाइल वेव्ह स्वरूपात, क्लाउड ड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवरून ध्वनिसंदेश म्हणून गेलेला आवाज दाबला जातो, तो पक्क्या कामाला उपयोगाचा नाही.

प्रश्न : तुकोबांच्या अभंगाला मी स्वतः चाल लावली आहे. हे माझं मूळ संगीत म्हणून टाकता येईल का? नोंदणी लागते का? एका लूपमुळे (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तयार तुकड्यामुळे) गाण्यावर दावाही आला आहे. (देहूरोड)

उत्तर : शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर आज कुणाचा हक्क नाही. भारतात कवी आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. त्याच अभंगाची रेडिओवर गाजलेली चाल म्हणूनच मोकळी नसते. तुमची चाल तिच्यापासून खरोखर वेगळी असेल तर ती तुमची. रागावर मालकी नसते, तेव्हा ‘त्यांचीही भैरवीच आहे’ या आक्षेपाला घाबरू नका. मुखड्याची स्वररचना आणि वजन सारखं असेल तर मात्र घाबरा. गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ न लिहिता ‘संत तुकाराम’ लिहा, संगीतकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क रचना निर्माण होताच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पुराव्यासाठी करायची तर संगीतरचनेचं शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाचं २,००० रुपये. ही दोन वेगळी कामं मानली जातात. नोंदणी करा न करा, प्रोजेक्ट फाइल आणि कच्चे टेक तारखेसह दोन ठिकाणी जपून ठेवा. वाद झाला तर कच्चा टेक तयार गाण्यापेक्षा जास्त बोलतो. तुमची गाणी कार्यक्रमांत किंवा रेडिओवर वाजू लागली तर आयपीआरएसचं सभासदत्व घ्या. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे.

दाव्याचं असं : विकत घेतलेला किंवा फुकट मिळालेला लूप वापरायचा परवाना तुम्हाला असतो, पण तो एकट्या तुम्हालाच नसतो. तोच लूप वापरून दुसऱ्याने आपलं गाणं कंटेंट आयडीत (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) नोंदवलं की यंत्राला तुमचं गाणं त्याचं वाटतं. लूप जिथून घेतला तिथला परवाना आणि पावती जोडून हरकत नोंदवा. तुमचं गाणं ऑनलाइन पोहोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्येही कंटेंट आयडीच्या चौकटीत खूण करू नका, नाहीतर हाच त्रास तुम्ही तिसऱ्याला द्याल. तो लूप आठ मात्रांचा साधा शेकर असेल, तर डाळीचा डबा हलवून एका दुपारी तो स्वतःच मुद्रित करता येईल.